पासवर्ड बरोबर, तरी दार बंद : लिनक्सचं लॉगिन अडकतं तेव्हा

(या भागाचं लेखी रूप. कमांड जशा बोललो तशाच अक्षरं सुटी करून लिहिल्या आहेत. टाइप करताना सगळी इंग्रजी अक्षरं लहान लिपीत घ्या. जिथे कॅपिटल हवं तिथे तसं सांगितलं आहे.)

आजचा भाग जरा तांत्रिक आहे, पण घाबरू नका. बसमध्ये, लोकलमध्ये, भांडी घासताना ऐकलात तरी चालेल. कमांड पाठ करायच्या नाहीत. पाठ करायची आहे ती फक्त एक सवय, आणि ती शेवटी सांगतो.

गोष्ट अशी. रात्रीचे साडेदहा वाजले होते. मावसभावाचा व्हिडिओ कॉल. लातूरला होस्टेलवर राहतो, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. चेहरा पार उतरलेला.

"दादा, लॅपटॉप आत घेत नाहीये."

"म्हणजे? पासवर्ड विसरलास?"

"नाही रे, पासवर्ड बरोबर आहे. टाकतो, एक सेकंद काळी स्क्रीन येते, आणि परत तीच पासवर्डची खिडकी. वीसदा केलं. उद्या सकाळी अकराला प्रोजेक्टची तोंडी परीक्षा आहे आणि सगळं यातच आहे."

"कुणाला दाखवलंस?"

"कोपऱ्यावरच्या दुकानात. ते म्हणाले, विंडोज नाहीये ना, मग फॉरमॅट मारावं लागेल. मी म्हटलं थांबा, आधी दादाला विचारतो."

मंडळी, हे 'थांबा' फार मोलाचं होतं. का ते पुढे सांगतो, कारण एकदा मी स्वतः थांबलो नव्हतो.

आधी लक्षण नीट बघा

पासवर्ड चुकला असता तर कॉम्प्युटरने तसं स्पष्ट सांगितलं असतं. इथे तसं झालं नाही. पासवर्ड मान्य झाला, आत जायला सुरुवातही झाली, पण डेस्कटॉप उभा राहता राहता कोसळला आणि गडी परत दारात आला. याला लॉगिन लूप म्हणतात. म्हणजे कुलूप उघडतंय, किल्ली बरोबर आहे, पण आत पाऊल टाकल्यावर काहीतरी अडतंय.

काय अडत असेल? कारणं बरीच असतात. ग्राफिक्सचा ड्रायव्हर बिघडतो, डिस्क गच्च भरते. पण एक फार नेहमीचं कारण म्हणजे फाइलची मालकी किंवा परवानगी चुकीची असणं. तुमच्याच घरातल्या एखाद्या वस्तूवर दुसऱ्याचं नाव लागलेलं असतं, आणि ती वस्तू रोज लागणारी असते.

मालकी म्हणजे नक्की काय?

लिनक्समध्ये प्रत्येक फाइलला एक मालक असतो आणि एक गट असतो. परवानग्या तिघांसाठी वेगवेगळ्या लिहिलेल्या असतात: मालकासाठी, गटातल्यांसाठी, आणि उरलेल्या जगासाठी. प्रत्येकाला तीन गोष्टी देता येतात. वाचणं, लिहिणं आणि चालवणं. वाचण्याचे 4 गुण, लिहिण्याचे 2, चालवण्याचा 1. म्हणून 600 म्हणजे मालकाला वाचणं-लिहिणं, बाकी कुणाला काहीच नाही. 755 म्हणजे मालकाला सगळं, बाकीच्यांना वाचणं आणि चालवणं. 777 म्हणजे या, बसा, घर आपलंच आहे, वाटेल ते करा.

फोल्डरच्या बाबतीत 'चालवणं' म्हणजे आत शिरणं. ती परवानगी काढली तर दारातूनच परत.

ही पद्धत आजची नाही. 1970 च्या आसपास बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स घडवलं, तेव्हापासून ती चालत आली आहे. आणि तुम्ही म्हणाल, आमच्याकडे तर फक्त फोन आहे, आम्हाला काय त्याचं? तर तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्सचंच कर्नल आहे. तिथे प्रत्येक ॲपला वेगळा वापरकर्ता क्रमांक दिलेला असतो. एका ॲपला दुसऱ्या ॲपच्या खाजगी फाइली वाचता येत नाहीत, त्यामागे हीच जुनी मालकीची पद्धत उभी आहे.

आता या सगळ्यांच्या वर एक माणूस बसतो, त्याचं नाव रूट. त्याला कुठलंही दार बंद नसतं. आपण एखाद्या कमांडच्या आधी 'सूडो' लावतो, तेव्हा ती कमांड रूटच्या नावाने चालते. इथेच मेख आहे. रूटच्या नावाने चाललेल्या प्रोग्रॅमने नवी फाइल बनवली तर ती फाइल रूटच्या मालकीची होते, मग ती तुमच्या फोल्डरमध्ये का असेना. नंतर तुम्ही साध्या नावाने गेलात की ती फाइल म्हणते, तुम्ही कोण?

आता त्याच्या लॅपटॉपकडे

मी विचारलं, "काल काय केलंस? खरं सांग, रागावणार नाही."

मग एकेक बाहेर आलं. लॅपटॉप जुना, सेकंडहँड घेतलेला, त्यावर लिनक्स मिंटची 19 ही आवृत्ती. आदल्या रात्री याने डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये काहीतरी खेळ केला आणि स्क्रीन काळी झाली. कुणीतरी सांगितलं, 'स्टार्टएक्स' टाइप कर. तसं केलं, चाललं नाही. मग याने पुढे सूडो लावलं. चाललं! डेस्कटॉप आला, हा खूश. लॅपटॉप बंद करून झोपला. सकाळपासून दार बंद.

मला तिथेच अंदाज आला. डेस्कटॉप सुरू होताना एक लपलेली फाइल लागते, तिचं नाव डॉट-एक्सऑथॉरिटी. नावाच्या सुरुवातीला टिंब असलं की लिनक्समध्ये फाइल लपलेली राहते. या फाइलीत एक गुप्त खूण असते. स्क्रीनवर चित्र काढणाऱ्या प्रोग्रॅमला ती दाखवली की तो म्हणतो, ठीक आहे, ये आत. मिंटमध्ये लॉगिन करताना ही फाइल तुमच्या नावाने नव्याने लिहिली जाते. आता ती रूटच्या मालकीची असेल तर लिहिता येत नाही. लिहिता आलं नाही की डेस्कटॉप सुरू होत नाही, आणि आपण परत पासवर्डच्या खिडकीत.

पण अंदाज म्हणजे निदान नव्हे. तपासायला हवं. म्हटलं, "फोन असा धर की मला स्क्रीन दिसेल. आणि मी सांगेन तेवढंच टाइप कर."

पायरी पहिली: मागच्या दाराने आत जा

कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-1 एकदम दाबा. काही लॅपटॉपवर सोबत एफ-एन बटणही धरावं लागतं. चित्र जाऊन काळी स्क्रीन येते आणि नाव विचारते. ही मजकुराची खोली आहे. इथे डेस्कटॉप लागत नाही, त्यामुळे डेस्कटॉप बिघडला तरी इथे शिरता येतं. जीनोम डेस्कटॉप असलेल्या उबंटूवर एफ-1 आणि एफ-2 चित्रांच्या खोल्यांना दिलेले असतात, म्हणून तिथे एफ-3 दाबा.

नाव टाइप करा, एंटर, मग पासवर्ड. पासवर्ड टाकताना टिंबंसुद्धा उमटत नाहीत. आमचे बंधुराज इथेच अडले. "दादा, कीबोर्डच चालत नाहीये!" अरे बाबा चालतोय, टाक आणि एंटर दाब.

गेला आत. इथेच निम्मी भीती संपली. कारण आत जाता येतंय म्हणजे फाइली जागेवर आहेत.

पायरी दुसरी: डिस्क भरलीय का?

डी-एफ, स्पेस, डॅश, एच. एंटर. यात प्रत्येक डिस्क किती टक्के भरली ते दिसतं. ज्या ओळीच्या शेवटी एकटा स्लॅश आहे ती बघा. तिथे 100 टक्के असेल तर मालकीच्या भानगडीत पडूच नका. जागा नसली तरी ती खुणेची फाइल लिहिता येत नाही, आणि लक्षण अगदी हेच दिसतं. तेव्हा आधी जागा मोकळी करा. त्याची 71 टक्के होती. पुढे चला.

पायरी तिसरी: मालक कोण ते वाचा

एल-एस, स्पेस, डॅश, एल-ए. एंटर. लपलेल्या फाइलींसकट सगळी यादी येते. प्रत्येक ओळीत आधी परवानग्या, मग मालकाचं नाव, मग गटाचं. तुमच्या घरच्या फोल्डरमध्ये बहुतेक सगळीकडे तुमचंच नाव हवं. दोन टिंबांची एक ओळ असते, ती वरच्या फोल्डरची. तिथे रूट असणं बरोबरच आहे.

"दादा, डॉट-एक्सऑथॉरिटीपुढे रूट, रूट असं दोनदा लिहिलंय."

सापडला चोर!

पायरी चौथी: पुसू नका, बाजूला ठेवा

आता गंमत बघा. ती फाइल रूटची आहे, तरी तिचं नाव बदलायला सूडो लागत नाही. कारण नाव बदलणं किंवा फाइल काढून टाकणं हा फोल्डरमधला बदल असतो आणि फोल्डरचा मालक तूच आहेस. भाडेकरूची पेटी उघडायचा हक्क मालकाला नसतो, पण ती ओसरीवरून उचलून कोपऱ्यात ठेवता येते, तसंच.

एम-व्ही, स्पेस, डॉट-एक्सऑथॉरिटी, स्पेस, डॉट-एक्सऑथॉरिटी-डॉट-ओल्ड. यातला एक्स मात्र दोन्ही ठिकाणी कॅपिटल. एंटर. पुढच्या लॉगिनला नवी फाइल आपोआप बनते. आणि जुनी बाजूला ठेवली आहे, म्हणजे अंदाज चुकला तर परत जागेवर आणता येईल.

पण रूटच्या नावाने अख्खा डेस्कटॉप उघडला होता ना? मग एकाच फाइलवर थांबलं असेल कशावरून? म्हणून आणखी एक झडती घेतली. एफ-आय-एन-डी, स्पेस, टिल्ड म्हणजे ती नागमोडी रेघ, स्पेस, उद्गारचिन्ह, स्पेस, डॅश-यूझर, स्पेस, आणि स्वतःचं लॉगिन नाव. याचा अर्थ, माझ्या घरात जे माझं नाही ते सगळं दाखव. सहा-सात नावं आली. सेटिंगचे काही फोल्डर रूटचे झाले होते.

ते एकदम दुरुस्त करायला कमांड आहे: सूडो, स्पेस, सी-एच-ओ-डब्ल्यू-एन, स्पेस, डॅश, कॅपिटल आर, स्पेस, लॉगिन नाव आणि त्याला चिकटून अपूर्णविराम म्हणजे कोलन, स्पेस, स्लॅश-होम-स्लॅश-लॉगिन नाव. म्हणजे माझं घर आणि त्यातलं सगळं माझ्या नावावर कर.

इथे थांबा आणि कान देऊन ऐका. स्लॅश आणि होम यांच्यामध्ये चुकून एक स्पेस पडली तर कमांडचा अर्थ बदलतो. एकटा स्लॅश म्हणजे संपूर्ण सिस्टिम. मग सिस्टिमच्या सगळ्या फाइली तुमच्या नावावर होतील आणि दुखणं दहापट वाढेल. मी त्याला एंटर दाबू दिलं नाही. आधी ओळ मोठ्याने वाचायला लावली, मग फोन जवळ नेऊन दाखवायला लावली, आणि मग म्हटलं, दाब.

मग कंट्रोल, ऑल्ट, एफ-7. परत चित्रांची खोली. पासवर्ड टाकला. काळी स्क्रीन. एक सेकंद, दोन सेकंद…

आणि मागून होस्टेलच्या पोरांचा आरडाओरडा ऐकू आला. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

आणि यानेही झालं नाही तर?

अशा वेळी तीन गोष्टी बघा.

पहिली, टेंप फोल्डर. सगळ्या प्रोग्रॅमची तात्पुरती कागदपत्रं ठेवायची ही सामाईक जागा. एल-एस, स्पेस, डॅश, एल-डी, स्पेस, स्लॅश-टी-एम-पी असं लिहिलं की तिची परवानगी दिसते. त्या अक्षरांच्या शेवटी टी हे अक्षर हवं. आकड्यात 1777. चाळीतली कपडे वाळत घालायची सामाईक दोरी आठवा. कपडे कुणीही घालावेत, पण काढताना आपलेच काढावेत. तो टी म्हणजे हा नियम. टेंपची परवानगी बिघडली तर लॉगिन सगळ्यांचंच अडतं.

यावरूनच एक झकास चाचणी मिळते. मजकुराच्या खोलीतून सूडो ॲडयूझर वापरून एक नवा वापरकर्ता बनवा आणि त्याच्या नावाने डेस्कटॉपमध्ये जाऊन बघा. तो आत गेला, तर बिघाड तुमच्या घरात आहे. तोही दारातच अडला, तर बिघाड सिस्टिममध्ये आहे: टेंप, ड्रायव्हर किंवा भरलेली डिस्क. एका चाचणीत निम्मं रान मोकळं होतं.

दुसरी गोष्ट, नोंदवही. घरच्या फोल्डरमध्ये डॉट-एक्ससेशन-एरर्स नावाची फाइल असते, तिचा शेवट वाचा. किंवा जर्नल-सी-टी-एल, स्पेस, डॅश, बी ही कमांड चालवा. या वेळी मशीन सुरू झाल्यापासूनची सगळी हकीकत त्यात असते. 'परमिशन डिनाइड' हे शब्द कुठे दिसतात ते शोधा, आणि त्याच ओळीत कुठल्या फाइलचं नाव आहे ते बघा. बहुतेक वेळा मशीन स्वतःच सांगत असतं, आपण वाचत नाही.

तिसरी गोष्ट, मजकुराच्या खोलीतही शिरता आलं नाही तर. उबंटू आणि मिंटमध्ये मशीन सुरू होताना शिफ्ट धरा, नव्या मशीनवर एस्केप दाबा. एक यादी येते. त्यात ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग रिकव्हरी मोड, मग रूट. तिथे डिस्क बऱ्याचदा फक्त वाचण्यापुरती उघडलेली असते, म्हणून आधी एम-ओ-यू-एन-टी, स्पेस, डॅश, ओ, स्पेस, री-माउंट, स्वल्पविराम, आर-डब्ल्यू, स्पेस, स्लॅश. 'री-माउंट' इंग्रजीत सलग लिहा आणि स्वल्पविरामाच्या आजूबाजूला जागा सोडू नका. मग दुरुस्ती करा. लक्षात ठेवा, इथे तुम्ही स्वतःच रूट आहात. तेव्हा टिल्ड म्हणजे रूटचं घर, तुमचं नाही. तुमच्या घराचा पत्ता पूर्ण लिहायचा.

आणि हो, नव्या आवृत्त्यांमध्ये थोडा फरक पडलाय. उबंटूमध्ये 19.10 पासून सूडो लावलं की घर म्हणून रूटचं घर धरलं जातं, त्यामुळे हा ठरावीक अपघात कमी झाला. जीनोमच्या लॉगिनमध्ये ती खुणेची फाइलही आता दुसरीकडे असते. पण घराची मालकी बिघडणं आणि टेंपची परवानगी बिघडणं, हे आजही तितकंच शक्य आहे.

आता माझी चूक

सुरुवातीला म्हटलं होतं ना, एकदा मी थांबलो नव्हतो. मी नवीन नवीन शिकत होतो. एका फाइलला परवानगी मिळत नव्हती. वैतागून सूडो लावलं आणि चेंज-मोड, डॅश कॅपिटल आर, 777, स्लॅश असं मारलं. म्हणजे अख्ख्या सिस्टिमला सांगितलं, सगळ्यांना सगळं मोकळं.

मला वाटलं आता कुठेच अडणार नाही. झालं उलटं. सूडोच बंद पडलं! कारण सूडोच्या प्रोग्रॅमवर एक खास खूण असते, तिला सेटयूआयडी म्हणतात. तिच्यामुळेच साधा माणूस तेवढ्यापुरता रूट होऊ शकतो. ही कल्पना डेनिस रिची यांची, तिचं पेटंटही त्यांच्या नावावर 1979 मध्ये नोंदलं गेलं. माझ्या 777 ने ती खूण पुसली गेली. शिवाय सूडोचे नियम ज्या फाइलीत असतात, ती कुणालाही लिहिता येतेय असं दिसलं की सूडो तिच्यावर विश्वासच ठेवत नाही. एसएसएचचंही तसंच, उघड्यावर पडलेली खाजगी किल्ली ते वापरत नाही. कुलूप तोडलं की दार उघडेल असं मला वाटलं होतं, पण इथे प्रत्येक जण आधी कुलूप शाबूत आहे का तेच बघतो.

आणि याला उलटं फिरवायचं बटण नाही. आधी कुठल्या फाइलला काय परवानगी होती, याची आठवण सिस्टिम ठेवत नाही.

मग मी काय केलं? घाबरलो. रात्री दोन वाजता फॉरमॅट मारलं. सकाळी आठवलं, त्या मशीनवर आजोबांच्या आवाजातल्या रेकॉर्डिंग होत्या. गावाकडच्या गोष्टी सांगायचे, मी फोनवर टिपून मशीनवर टाकायचो आणि फोनमधून काढून टाकायचो. दुसरी प्रत नव्हती. तेव्हा आजोबा जाऊन सहा महिने झाले होते.

मंडळी, त्या फाइली त्या रात्री शाबूत होत्या. परवानगी बिघडल्याने फाइलीतला मजकूर बिघडत नाही. एका पेन ड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स सुरू केलं असतं, तर डिस्क उघडून सगळं बाहेर काढता आलं असतं. अर्ध्या तासाचं काम. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असती तर तिचा पासवर्ड लागला असता, तोही मला पाठ होता. त्या मी गमावल्या त्या फॉरमॅटमुळे, माझ्या घाईमुळे.

म्हणून भाऊ "फॉरमॅट" म्हणाला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता.

तर ती सवय

काहीही दुरुस्त करण्याआधी, मग ते लिनक्स असो, विंडोज असो नाहीतर फोन, आधी विचारा: माझ्या फाइली आत्ता आहेत का, आणि त्यांची दुसरी प्रत कुठे आहे? उत्तर मिळेपर्यंत काहीही पुसायचं नाही. दुकानदार म्हणू दे, मित्र म्हणू दे, रात्रीचे दोन वाजले असू दे.

आणि दोन छोट्या गोष्टी. चित्रांचे प्रोग्रॅम सूडो लावून उघडू नका. सिस्टिमची फाइल बदलायची असेल तर सूडोएडिट वापरा. आणि कुणी 777 सुचवलं, तर हात कीबोर्डवरून उचला आणि आधी मालक कोण आहे ते बघा.

भावाची तोंडी परीक्षा झाली. त्याला म्हटलं, परीक्षा राहू दे, बॅकअप घेतलास का? म्हणाला, "घेतोय दादा." घेतोय म्हणजे घेतला नाही, हे मला कळतं. त्यामुळे या रविवारी पुन्हा व्हिडिओ कॉल आहे.

तुम्हीही आज झोपण्याआधी एक फोल्डर निवडा, ज्याच्याशिवाय तुमचं खरंच अडेल, आणि त्याची एक प्रत दुसरीकडे ठेवा. एकच फोल्डर. बाकीचं उद्या.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, स्वतःची आणि फाइलींचीही!